पुणे आणि हैदराबाद : चौथाईच्या वादाची सत्तर वर्षे

मराठे व निजाम यांच्या संघर्षाचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने सांगितला जातो : पालखेड, भोपाळ, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा. या पाचही प्रसंगी सरशी पुण्याची झाली. आणि तरीही १७९५ साली, म्हणजे पालखेडनंतर सदुसष्ट वर्षांनी, हैदराबादचे राज्य आपल्या जागी उभेच होते. इतक्या वेळा पराभूत झालेला शेजारी नाहीसा का झाला नाही, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, बाजीरावाने हाती सापडलेला शत्रू पालखेडला सोडून दिला आणि ते औदार्य पुढे नडले. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. ते लढाईकडे पाहते. लढाई ज्यासाठी झाली त्या हक्काकडे पाहत नाही.

या दोन्ही सत्तांचा उदय जवळजवळ एकाच वेळी झाला. एप्रिल १७२० मध्ये बाजीरावास पेशवेपद मिळाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात निजामउल्मुल्काने बाळापूरजवळ आलमअलीखानाचा पराभव करून दक्षिणेत आपले पाऊल रोवले, आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्यास मुबारिजखानास मारून ते पक्के केले. कायद्याच्या भाषेत दोघेही कोणाचे तरी सेवकच होते. एक दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार, दुसरा साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान. दोघांनीही आपापले पद वंशपरंपरागत करून घेतले, आणि दोघांच्याही अधिकाराचा कागद अखेर दिल्लीच्याच शिक्क्याचा होता.

येथेच या वैराचे खरे वैशिष्ट्य आहे. बहमनी सुलतान व विजयनगर यांचे भांडण रायचूर दुआबासाठी होते. दोन नद्यांमधील ती भूमी नकाशावर बोटाने दाखविता येते. पुणे व हैदराबाद यांच्यामध्ये अशी रेषा नव्हतीच. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने आणलेल्या सनदांनी औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहूस मिळाली. शेकडा पंचवीस व शेकडा दहा मिळून पस्तीस हिस्से मराठ्यांचे, बाकीचे सुभेदाराचे. म्हणजे एकाच गावच्या पाटलाकडे सुभेदाराचा अंमलदारही येणार आणि छत्रपतींचा कमाविसदारही. पीक एक, वसूल करणारे दोन. ज्या वर्षी पीक बुडेल त्या वर्षी कोणाचा हिस्सा आधी, हा प्रश्न कोणत्याही सनदेने सोडविला नव्हता. तो सैन्याने सोडवावयाचा होता.

निजामाने १७२७ मध्ये वसुली अडविली ती उघड नकार देऊन नव्हे. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांपैकी खरा धनी कोण, याचा निवाडा होईपर्यंत पैसा द्यावा कोणास, असा त्याने पेच घातला. युक्ती मोठी मार्मिक होती : हक्क मान्य, हक्कदार संशयित. पुढे तो संभाजीस घेऊन पुण्यात येऊन बसला. बाजीरावाने पुण्याच्या रक्षणास न धावता जालना, बऱ्हाणपूर असा निजामाचाच मुलूख तुडविला, गुजरातेतही धडक मारली आणि जड तोफखाना मागे टाकून पाठलागावर आलेल्या निजामास फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळील पालखेड येथे पाण्यावाचून कोंडले. ६ मार्चच्या मुंगी-शेवगावच्या तहात काय मागितले, ते पाहण्यासारखे आहे. शाहूचा हक्क मान्य करावा, हाकलून दिलेले कमाविसदार परत बसवावेत, संभाजीचा पक्ष सोडावा. राज्य मागितले नाही. चौथाई ही सुभ्याच्या वसुलातील वाटणी आहे. सुभेदारच नाहीसा केला तर वाटणी देणार कोण आणि कोणत्या सनदेने? पराभूत पण जिवंत निजाम हा या व्यवस्थेचा आवश्यक घटक होता. शाहूचा कलही समेटाकडेच होता. बाजीरावास दोष देणारे लेखक १९ व्या शतकातील राष्ट्राची कल्पना १८ व्या शतकातील सनदेवर लादतात, असे आमचे मत आहे.

उघड्या मैदानात टिकाव लागत नाही हे उमगल्यावर निजामाने मराठ्यांच्या घरातील भांडणांवर भिस्त ठेवली. १७३१ मध्ये डभईस पडलेला त्र्यंबकराव दाभाडे याच धोरणाचा बळी. पुणेही या कलेत मागे नव्हते. निजामउल्मुल्क १७४८ मध्ये वारल्यावर नानासाहेबाने सलाबतजंगाविरुद्ध त्याचा वडील भाऊ गाजीउद्दीन यास उभे केले. तो १७५२ मध्ये औरंगाबादेत विषप्रयोगाने मेला, तरी त्याच वर्षीच्या भालकीच्या तहाने मुलूख पदरात पडलाच.

या खेळाची सर्वांत मोठी किंमत पुण्याने मोजली. पानिपतानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली उरुळीपर्यंत आला. राघोबादादांनी त्याच्याशी समेट केला आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे त्याच्याच साहाय्याने पुतण्यास शरण आणले. पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या जानोजी भोसल्यांस बरोबर घेऊन निजामाने पुणे लुटले व जाळले. पेशव्यांचे कुटुंब सिंहगडाकडे गेले होते. पर्वतीच्या मूर्तीही वाचल्या नाहीत. काका-पुतणे मात्र राजधानीकडे न वळता निजामाचा मुलूख उद्ध्वस्त करीत हैदराबादपर्यंत गेले. ही पस्तीस वर्षांपूर्वीची बाजीरावाचीच रीत होय. मग जानोजीस जहागिरीचे आमिष दाखवून फोडले, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनास, गोदेला पूर असता, अलीकडच्या तीरावर राहिलेली निजामाची फौज त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासह कापली गेली. ८२ लक्षांचा मुलूख मिळाला. राज्य याही वेळी मागितले गेले नाही. उलट तीन वर्षांच्या आत, त्याच जानोजीवर चालून जाताना, माधवरावाने निजामालाच बरोबर घेतले. पुणे जाळणाऱ्याशी इतक्या लवकर सख्य कसे, याचे आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल. तत्कालीनांस ते वाटलेले दिसत नाही.

खर्ड्याची लढाई पाहिली तर मुद्दा पुन्हा तोच : थकलेली चौथाई. सर जॉन शोअर तटस्थ राहिला, आणि मार्च १७९५ मध्ये निजामअलीने खर्ड्याच्या गढीत कोंडले जाऊन दौलताबादसह मुलूख, तीन कोटींची बाकी आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क एवढे देऊ केले. मुशीर ओलीस म्हणून पुण्यास आला. ऑक्टोबरात सवाई माधवराव मृत्यू पावले, गादीचा तंटा उभा राहिला आणि निजामाचा पाठिंबा मिळविण्यासाठी नाना फडणिसांनी १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याची बहुतेक कमाई परत केली. ओलीस मुशीर सुटून मानाने घरी गेला. या वेळी भांडण पुण्याच्या घरातले होते आणि ते लावण्यास निजामास बोटही उचलावे लागले नाही.

तथापि खर्ड्याला एकाकी पडल्याचे शल्य हैदराबाद विसरले नाही. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. मराठ्यांशी तंटा पडल्यास कंपनीचा निवाडा मान्य करण्याचेही कबूल केले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने तशाच अटीवर सही केली. निजामाकडील येणे किती व ते कोणी द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून कलकत्त्याच्या लवादाकडे गेला.