चौकोनांचे दिवस

संगणक बिघडला म्हणजे काय करावे, हे आता घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. यंत्र बंद करायचे, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा सुरू करायचे. निम्मी दुखणी एवढ्यानेच बरी होतात. परंतु वीसेक वर्षांपूर्वी एक दुखणे असे होते की, त्यापुढे हा घरगुती उपाय चालत नसे. यंत्र धडधाकट, वीज शाबूत, पडदा लख्ख, आणि मजकूर उघडावा तो मराठीच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा! आमच्या तुडीलसारख्या गावातला माणूस लग्नपत्रिका किंवा शाळेच्या संमेलनाचे निमंत्रण महाडच्या दुकानात टंकून घेई आणि फ्लॉपीवर घालून घरी आणी. दुसऱ्या यंत्रावर ती उघडली की वधूवरांची नावे गायब! या बिघाडाचा इतिहास मोठा मौजेचा आहे आणि त्यात आपल्या माणसांचा हात फार मोठा आहे.

मुळात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाला अक्षर म्हणून काही कळतच नाही. तो जाणतो फक्त आकडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते धूड गणिते करी. पत्र लिहिणे हे काही त्याचे काम नव्हते. पुढे यंत्राकडून लिहून घ्यायची वेळ आली, तेव्हा प्रत्येक अक्षराला एकेक आकडा नेमून द्यावा लागला. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता ठरला. त्यात जागा १२८. पुढे इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे वगैरेंनीच त्या भरून गेल्या. आपल्या काना-मात्रा-वेलांटीला तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

देवनागरीचा पसारा आपल्या छापखान्यांना नवा नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्या आधीपासून ते खिळे पाडण्याच्या धंद्यात होते. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार धरून शेकडो तऱ्हांचे खिळे जुळाऱ्यापुढे मांडलेले असत. टंकलेखन यंत्र आले तेव्हा हा संसार नव्वदाच्या आसपास चिन्हांत कोंबावा लागला. संगणकाच्या वेळी पुन्हा तीच अडचण उभी राहिली आणि दुकानदारांनी तिच्यावर जो तोडगा काढला, त्यातच सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

तोडगा असा. इंग्रजी अक्षरांचेच आकडे घ्यायचे आणि त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवायचे. असा मुखवट्यांचा संच म्हणजे फॉण्ट. यंत्राच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच; डोळ्यांना मात्र मराठी दिसे. प्रत्येक फॉण्ट करणाऱ्याने आपापल्या मर्जीने मुखवटे वाटले. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याची वेलांटी. मग एका फॉण्टातला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर गेला की मुखवटा गळून पडे आणि इंग्रजी अक्षरे, डॉलर, कंस आणि टिंबे यांचा कचरा समोर येई. यावर जाणता माणूस एकच सल्ला देई, “मजकुराबरोबर फॉण्टही आणा.” सल्ला अगदी बरोबर होता. पण हे म्हणजे टपालाने पत्र पाठवावे आणि ते वाचण्यासाठी सोबत चष्माही पाठवावा, तसेच झाले!

हा गोंधळ होणार, हे काहींनी फार आधी ओळखले होते. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी एक निराळाच विचार धरला होता. भारतीय लिप्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी बहुतेकींचे मूळ ब्राह्मीत आहे आणि वर्णमालेचा क्रम एकच आहे. मग मराठी ‘क’, बंगाली ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच आकडा आणि एकच कळ का देऊ नये? १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि हे काम तिथे आले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली त्या आकड्यांच्या तक्त्याला मान्यता दिली. माझ्या मते ही फार मोठी कामगिरी होय. लढाया आणि तह आपण मुलांकडून घोकून घेतो. हा तह मात्र कोणी शिकवीत नाही.

त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ नावाचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच तक्त्यावरून घेतलेली आहे. तिथे ‘क’चा आकडा २३२५. तो कोणत्याही देशात, कोणत्याही यंत्रावर २३२५च!

एवढे झाल्यावर दुखणे संपायला हवे होते. पण चौकोनांचे खरे दिवस यानंतरच आले. आकडा ओळखीचा असून त्याचे चित्र यंत्रापाशी नसले, की ते बिचारे रिकामा चौकोन काढते. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली. त्याच वर्षी एमएस-सीआयटीचे वर्गही सुरू झाले आणि तालुक्याच्या गावांतून लोक संगणकापुढे बसू लागले. त्या एक्सपीत मराठीची सोय होती, पण कुलूपबंद! कंट्रोल पॅनेलात शिरून भाषांच्या खान्यात जायचे आणि तिथल्या एका चौकटीत बरोबरची खूण करायची. चौकटीवर गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांचा उल्लेख होता, आणि कंसात थाई भाषेचे नाव होते! देवनागरीचे नावही नव्हते. आपली मराठी त्या चौकटीमागे बसली आहे, हे कोणी सांगितल्यावाचून कळणार कसे? खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. ती बहुतेकांच्या घरी नसेच.

कुलूप उघडले तरी जुन्या टंकलेखकांची फजिती व्हायची ती वेगळीच. टंकलेखन यंत्रावर ‘कि’ काढताना आधी वेलांटी आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे पडते. नव्या तक्त्यात उच्चाराचा क्रम आहे: आधी ‘क’, मग वेलांटी; ती डावीकडे नेऊन बसवणे हे यंत्राचे काम. सवयीने कोणी वेलांटी आधी दाबली की, ठिपक्यांचे एक वर्तुळ तिला चिकटून उभे राही. लोकांना वाटे, यंत्र बिघडले. वस्तुतः यंत्र ‘हिला व्यंजन द्या’ म्हणून हात पसरत होते.

फॉण्टचे वळण हाही एक विषय होता. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मंगल’ फॉण्टाचे कर्ते आपले थोर अक्षरकार र. कृ. जोशी. तरी त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. असो.

आज दुकानदाराकडे फॉण्ट मागावा लागत नाही. मोबाईल उघडताक्षणी मराठी उमटते. मात्र दोन काटे अजून सलतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ साली, २४१८. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवीत, आणि अजूनही कित्येक तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला दोन निराळी. दुसरा काटा ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतल्या त्या भुवईसारख्या ‘र’चा. तोही दोन रीतींनी टंकता येतो. म्हणून पटावर नाव डोळ्यांदेखत असते आणि शोधले तर ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. अशा वेळी नाव पुन्हा टंकू नये. सापडलेल्या जागेवरून उचलून शोधाच्या खान्यात ठेवावे, म्हणजे आकडे हुबेहूब तेच राहतात.

खरी काळजी जुन्या मजकुराची आहे. १९९० नंतरची कित्येक वर्षे कादंबऱ्या, स्मरणिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव त्या मुखवट्यांच्या फॉण्टांतच टंकले गेले. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, तेव्हा कागद आणि यंत्रे एकाच चिखलात गेली. ज्यांच्या घरी अशा फाईली शिल्लक असतील, त्यांनी त्यांचा फॉण्ट आधी शोधून ठेवावा आणि मग मजकूर युनिकोडात उतरवून घ्यावा. नुसती पीडीएफ करून ठेवणे पुरेसे नाही. ती दिसते ठीक, पण तिच्यातला मजकूर उचलावा तर पुन्हा तोच कचरा हाती येतो. उतरवून देणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत आणि त्या शंभर पानांचे काम क्षणात करतात. त्यानंतर एका मराठी जाणणाऱ्या माणसाने ते सगळे वाचले मात्र पाहिजे. ज्या जुन्या फॉण्टात भुवईचा ‘र’ नव्हता, तिथे टंकणाऱ्याने साधा रफार देऊन वेळ मारून नेलेली असते. महाडच्या मुलुखात डोंगरातल्या दऱ्याही आहेत आणि खाडीच्या मुखाशी दर्याही आहे. त्या कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी ‘दर्या’च असते, आणि लेखकाला कोणती म्हणायची होती, हे यंत्राला कळत नाही.