वीस मिनिटांत कोळंबी पास्ता: पण घड्याळ सुरू कधी करायचं?

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय काही सुचत नाही. या टप्प्यावरच्या मुलामुलींचे मेसेज मला नेहमी येतात. बहुतेकांना वाटतं की विषय अभिलेखागाराच्या एखाद्या बस्त्यात बांधून ठेवलेला असतो आणि आपण जाऊन फक्त गाठ सोडायची. तसं नसतं. माझं स्वतःचं काम स्वयंपाकघर आणि वेळ यांच्या इतिहासावर चालू आहे. म्हणून आज एक रेसिपी देते आणि तिच्यातून प्रश्न कसा निघतो ते बघू. जागा भिवंडी. का, ते पुढे कळेल.

दोन माणसांचं जेवण. पाव किलो सोललेली कोळंबी, दोनशे ग्रॅम वाळलेला पास्ता, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, एक पिकलेला टोमॅटो, तेल, मीठ, कोथिंबीर. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं की चांगलं मीठ टाकून पास्ता सोडायचा, नऊ-दहा मिनिटं. तोवर दुसऱ्या शेगडीवर तेलात लसूण आणि मिरची परतायची, मग टोमॅटो, आणि तो मऊ झाला की कोळंबी. कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. ती वळली, गुलाबी झाली की थांबायचं, नाहीतर चावताना रबर लागतो. पास्त्याचं वाटीभर पाणी राखून ठेवायचं आणि सगळं एकत्र करताना ते घालायचं, म्हणजे रस्सा धरून राहतो. लिंबू हवं तर पिळा. वीस मिनिटं.

आता रेसिपी परत वाचा, पण इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखी. ‘सोललेली’ कोळंबी. ‘वाळलेला’ पास्ता. शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो होतो ना, तो इथे कामाला येतो. सोलली कुणी? वाळवला कुणी? विशेषणात काम दिसतं, काम करणारं माणूस दिसत नाही. वीस मिनिटांचं घड्याळ शेगडी पेटली तेव्हा सुरू केलंय, आणि ते तेव्हाच का सुरू केलं हा आपला प्रश्न आहे. म्हणजे ‘भिवंडीतील खाद्यसंस्कृती : एक अभ्यास’ असला गोणपाटासारखा विषय न घेता, ‘झटपट जेवणातला वाचलेला वेळ कुणाच्या खात्यातून आला?’ हा घ्यायचा. याला उत्तर शोधता येतं, आणि ते चुकीचं निघू शकतं. चांगल्या प्रश्नाची माझी खूण तीच आहे.

आधी कोळंबी. घरी आख्खी कोळंबी आणली तर डोकं काढा, कवच काढा, पाठीतला काळा दोरा ओढून काढा. जवळपास निम्मं वजन त्या कचऱ्यात जातं आणि किलोभर सोलेपर्यंत बोटं चुरचुरायला लागतात. बाजारात कोळीण किंवा आगरी मावशी वरचे पैसे घेऊन सोलून देते. मग पाकिटातली गोठवलेली कोळंबी? तिची गोष्ट लांबून येते. 1953 मध्ये कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली. त्याच वर्षी केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्पाचं काम सुरू झालं. तो आला होता गरीब मच्छीमारांचं राहणीमान सुधारायला, पण पुढे त्याच्या वाटेवर ट्रॉलर, बर्फ आणि निर्यात मोठी होत गेली. त्या निर्यातीच्या मागे सोलण्याच्या शेड होत्या. तिथे बायका बर्फात हात घालून, वजनावर मजुरी घेऊन कोळंबी सोलायच्या. 2009 पासून आपल्याकडे व्हन्नामेई जातीची कोळंबी व्यापारी प्रमाणावर तळ्यांत वाढवायला परवानगी मिळाली. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आणि आज आंध्र प्रदेश तिचं सगळ्यात मोठं आगार आहे. तेव्हा भिवंडीतल्या फ्रीझरमधली कोळंबी कामवारी नदीची किंवा वसईच्या खाडीची असेल, असं गृहीत धरू नका.

इथे एक सापळा आहे. ‘पूर्वी सगळं सावकाश होतं, आता झटपट आलं’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहायचा मोह होतो. लिहू नका. भिवंडीपुरतं तरी ते खरं नाही. सुकट, जवळा, सोडे हे काय होतं? सोडे म्हणजे तर सोलून वाळवलेली कोळंबीच. भिजवले, कांद्यावर परतले, की भाकरीबरोबर जेवण तयार. जवळा त्याहून लवकर होतो. इंपीरियल गॅझेटियरमधली भिवंडीची नोंद अगदी छोटी आहे, पण तिथल्या व्यापाराच्या मालात तांदूळ आणि कापडाच्या जोडीला सुकी मासळी आहे. म्हणजे झटपट कोळंबी शंभर वर्षांपूर्वीही होती. फरक इतकाच की तिचा वेळ एप्रिल-मेच्या उन्हात खर्च व्हायचा: पसरणं, उलटणं, कावळे हाकलणं, संध्याकाळी गोळा करणं. आणि तो वसूल व्हायचा पावसात. आज 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना सरकारी बंदी असते. बंदी नव्हती तेव्हाही उधाणात होड्या बाहेर पडत नसत, आणि घराघरात डब्यात सुकं भरलेलं असे. पावसाळ्याची बेगमी हा शब्दच वेळेच्या हिशोबाचा आहे.

‘भिवंडीत कोळंबी खातात’ हे वाक्यही तपासून घ्या. खातात, पण कोण? आगरी आणि कोळी घरांचं सोडाच, तो प्रश्नच नाही. पण शहरातल्या मुसलमानांत दोन जुने प्रवाह आहेत. कोकणी मुसलमान इथले, शाफई पंथाचे. त्यांच्या धर्मशास्त्रात समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर हनफी. हनफी मतात पाण्यातला फक्त मासा चालतो, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्या विद्वानांत जुना वाद आहे. काहींनी ती माशात धरून मोकळीक दिली, काहींनी टाळलेली बरी असं सांगितलं. त्यात यंत्रमागावर आलेली तेलुगू पद्मशाली कुटुंबं धरा. एका गल्लीत तीन घरांत कोळंबीला तीन अर्थ. ‘भिवंडीचं पारंपरिक जेवण’ असं एकवचन ज्या प्रबंधात दिसेल तिथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते.

आता पास्ता. इटलीचा म्हणून आपण त्याला परका मानतो. पण आजीला विचारा, वळवट म्हणजे काय. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, शेवया. रव्याचं किंवा मैद्याचं घट्ट पीठ बोटांनी वळून उन्हात वाळवलेले आकार, म्हणजे पास्ताच की. फणोले तर फणीवर फिरवून करतात, रेघा उमटाव्यात म्हणून. इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता अशाच फणीवर वळतात. यांनी त्यांचं घेतलं की त्यांनी यांचं, असल्या वादात मात्र शिरू नका. ओलं पीठ, रेघांचं साधन आणि रिकामी दुपार असेल तर दोन ठिकाणी एकच कल्पना सुचू शकते. गहूही फार वेगळा नाही. पास्त्याला लागणारा ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सी गव्हाचा प्रकार.

वेगळी आहे ती पुढची वाट. 1154 मध्ये अल-इद्रीसीने सिसिलीतल्या त्राबिया गावाबद्दल लिहिलं, की तिथे वाळलेला पास्ता इतका बनतो की जहाजं भरून बाहेर जातो. तिकडे तो बाजाराचा माल झाला. आपलं वळवट रुखवतात आणि खिरीत राहिलं. कोकणपट्टी तांदळाची, गहू घाटावरून यायचा, म्हणून गव्हाच्या वस्तूला सणाचा मान आणि म्हणून ती गोड, असा माझा तर्क आहे. भिवंडीच्या कोकणी मुसलमान घरात ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया आणि कोळंबीचं कालवण एकाच चुलीवर शिजलं असणार, पण वेगवेगळ्या पातेल्यात. ती दोन पातेली एक कशी झाली हा पीएचडीच्या एका प्रकरणाचा ऐवज आहे, कुणी घेत असेल तर घ्या.

तिखट, खारट गव्हाच्या शेवया घरोघरी नेण्यात मॅगीचा वाटा मोठा. ती भारतात आली 1983 मध्ये, ‘दोन मिनिटं’ हे वचन घेऊन. त्याच 1983 मध्ये अमेरिकेत रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं ‘मोर वर्क फॉर मदर’ प्रसिद्ध झालं. ते वाचल्याशिवाय या विषयात पुढे जाऊ नका. त्यांचा मुद्दा असा, की घरात यंत्रं आल्याने आईचं काम कमी झालं नाही. पूर्वी लाकडं फोडणं, धान्य दळून आणणं अशी जी कामं नवरा आणि मुलं करत ती यंत्रांनी काढून घेतली, आणि आईकडून अपेक्षा तेवढ्या वाढल्या. आपल्याकडचे आकडे बघायचे तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. 2019 मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. 2024 मध्ये ते 289 आणि 88 झालं. मधल्या पाच वर्षांत दहा मिनिटांत घरपोच सामान देणारी ॲप्स आली. बाईची वाचली तीही मिनिटं दहाच. (आकड्यांचा हा योगायोग आहे, याला कार्यकारणभाव म्हणून लिहाल तर व्हायव्हाला मार खाल.)

आणि आता भिवंडीच का, ते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचं बरंच काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. माग बारा-बारा तासांच्या पाळीवर चालतात. घर लांब गावी ठेवून आलेला कामगार खानावळीत जेवतो. त्याच्यासाठी जेवण झटपटच असतं, ताटावर बसला आणि उठला. खानावळ चालवणाऱ्या बाईच्या पहाटेची नोंद कुठे आहे? मुंबईत 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, म्हणून गिरणगावच्या खाणावळवाल्यांची थोडी कागदपत्रं तरी झाली. संघटना झाली की नोंदी होतात. भिवंडीत काम करणार असाल तर बोलून, ऐकूनच साधनं गोळा करावी लागतील.

दुसरं, गोदामं. मुंबई महापालिकेची जकात चुकवायची तर माल हद्दीबाहेर उतरवायचा, आणि मुंबई-आग्रा महामार्गावर भिवंडी तालुका अगदी सोयीचा. काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, वळ, मानकोली या गावांत भातशेतीच्या जागी शेड उभ्या राहिल्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट मोठी झाली. तुम्ही पुण्यात बसून पास्त्याचं पाकीट मागवलंत तरी ते कदाचित भिवंडीत एका रॅकवर पडून आलेलं असतं, आणि हातात स्कॅनर घेऊन ते शोधणाऱ्याचा वेळ सेकंदांत मोजला जातो. ज्यांचा वेळ मोजतात ते, आणि ज्यांचा कुणी मोजतच नाही ते, दोघंही या एका ताटात आहेत.

साधनांबद्दल थोडं. 1882 चं ठाणे गॅझेटियर उघडा. कुठली जात काय खाते हे एका वाक्यात सापडेल, शिजवायला किती वेळ लागायचा ते नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’सारखी जुनी पाकपुस्तकं बघा. कृती कुठून सुरू होते ते टिपा: मासा साफ करण्यापासून की साफ केलेल्या माशापासून? त्या एका ओळीवरून घरात गडी-बाई होती का याचा अंदाज येतो. मुलाखतीत ‘तुम्हाला स्वयंपाकाला किती वेळ लागायचा?’ असं विचारू नका. उत्तर येतं, ‘अगं, कसला वेळ, पटकन व्हायचं.’ त्याऐवजी विचारा: मासळी दारात किती वाजता यायची, ताट किती वाजता वाढलं जायचं, आणि मधे घरातलं कोण काय करत असायचं? मग बघा, पाऊण तास बोलतात.

हे काम उद्या सकाळीच सुरू करता येईल. जवळच्या मासळी बाजारात जा आणि एकाच कोळंबीचे दोन भाव विचारून वहीत लिहा, आख्खी आणि सोललेली. फरकातून कवचाच्या वजनाचे पैसे वजा करा. जी रक्कम उरेल तिच्यासमोर तारीख टाका, आणि सोलणाऱ्या मावशींना विचारा की लग्न होऊन आल्या तेव्हा हा फरक किती होता.