खारीतील मासळी आणि घरखर्च

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना भात व मीठ यांचा उल्लेख होतो. मासळीचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. वास्तविक ठाणे व पनवेलच्या खाड्यांलगतच्या गावी आगरी-कोळी कुटुंबांचा संसार तिच्याच आधारे तगला होता.

खारबंदिस्तीचा बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. खांड पडली की घरोघरचा माणूस धावे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात या सामुदायिक श्रमास ‘जोळ’ म्हणत. उघाडीवाटे आत शिरलेली कोळंबी, बोय, निवट्या, चिंबोरी, क्वचित जिताडाही तेथे वाढे. जमीन खोताची वा सावकाराची असली, तरी चिखलात हात घालणाऱ्या बाईस मालकी कोण विचारणार? कालवण फुकट मिळे, म्हणून रोकड तेलास, कापडास आणि (हे विसरू नये) खंडास उरे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत टिकला. शेते ओस असता लोकांनी लाकूडफाटा विकून व खाडीच्या मासळीवर दिवस काढले.

गोव्यातील खाजन शेतीत मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो व ते उत्पन्न बांधदुरुस्तीस लागावे असा संकेत आहे. सोय उत्तम, परंतु लिलाव घेतो तो पैसेवालाच. अधिक मासळीच्या लोभाने त्याने खारे पाणी आत घेतले, तर पीक जळते ते कुळाचे.

१९७० साली सिडको स्थापन झाली व ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण वेचले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. ते ऋण फिटणारे नाही. तथापि योजनेचा आधार सातबारा होता. ज्याची जमीन अधिक त्यास भूखंड मोठा. ज्याचे खाचर नव्हते पण खाडी होती, त्याच्या कालवणाची नोंद कोणत्या दप्तरी होती? मासळी विकत आणण्याची पाळी प्रथम त्याच्याच घरी आली.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने न्हावा-शेवा बंदराच्या कामामुळे बाधित झालेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांस ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई ठरविली. कुटुंबागणिक हे सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये होतात. हा हिशेब मात्र गुंठ्यांवर नव्हे, चुलींवर झाला.