फॉरेस्टरसाहेबांचं शहर

सिमसिटी खेळलेल्या मंडळींना जे फॉरेस्टर हे नाव माहीत असेलच असं नाही. विल राइट यांना १९८९ च्या त्या गेमसाठी ज्या पुस्तकाने खाद्य पुरवलं, ते 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) यांचंच.

फॉरेस्टर मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनियर. एमआयटीत व्हर्लविंड कॉम्प्युटर बांधला, मॅग्नेटिक कोअर मेमरी आणली आणि १९५६ मध्ये तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये दाखल झाले. १९६८ मध्ये बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स एमआयटीत आले, त्यांचं ऑफिस नेमकं शेजारी. दोघांच्या बोलण्यातून एका शहराचं मॉडेल उभं राहिलं. तीन प्रकारची घरं, तीन प्रकारची माणसं, तीन प्रकारचे उद्योग आणि २५० वर्षांचा हिशोब.

मग त्यात एकेक धोरण चालवून बघितलं. निकाल असा, की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली तर शहर आणखीच खालावतं! घरं मिळतात म्हणून बाहेरून गरीब येतात, जमीन घरांखाली जाते, नवे उद्योग येत नाहीत, बेकारी वाढते. उलट गरिबांची जुनी घरं दरवर्षी ५ टक्के पाडून नव्या उद्योगांना उत्तेजन दिलं, तर शहर सावरतं.

गोम अशी, की या शहराबाहेर फक्त एक 'अमर्याद भोवताल' आहे. तिथून माणसं येतात आणि तिथेच परत जातात. घर पाडलं, माणूस हद्दीबाहेर गेला, की प्रोग्रॅममधून गायब! त्याला दुसरीकडे छप्पर मिळालं का, हे मोजणारं व्हेरिएबलच नाही. उपनगरंही नाहीत, जिथे त्या काळात अमेरिकी शहरांतले पैसेवाले चालले होते. आणि खुद्द बॉस्टनचे आकडेही त्यात भरलेले नव्हते. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट लिहिली की ती पास होते, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

तरी एका गोष्टीसाठी मी फॉरेस्टरसाहेबांना मानतो. सगळी समीकरणं त्यांनी पुस्तकातच छापली. म्हणून तर टीकाकारांना गृहीतकावर नेमकं बोट ठेवता आलं. तेच गृहीतक एखाद्या साहेबाच्या डोक्यात राहिलं असतं, तर कुठे शोधणार?

१९७३ मध्ये डग्लस ली यांनी अशा अवाढव्य शहरी मॉडेल्सचा मृत्युलेखच लिहिला. सिमसिटी त्यानंतर १६ वर्षांनी आली. तिच्यात बुलडोझर आहे.. पाडलेल्या घरातले लोक कुठे गेले, ते तीही सांगत नाही.