उसाचा भाव: खर्च की नफा?

कडेगाव तालुक्यात वांगीला सोनहिरा सहकारी साखर कारखाना आहे. सहकारीत मालक म्हणजे ऊसवालाच! मग त्याला किमान दरापेक्षा जास्त दिलेला भाव म्हणजे काय? आयकर खातं वर्षानुवर्षं म्हणायचं, नफ्याचं वाटप, कर भरा. कारखाने म्हणायचे, अहो, हा कच्च्या मालाचा खर्च! आकारणी वर्ष २०१६-१७ पासून सरकारमान्य भावापर्यंतची रक्कम खर्चात धरली जाऊ लागली. मागचं दुखणं मात्र २०२३ च्या बजेटपर्यंत तसंच. तेव्हा अंदाजे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला. आमच्या ऑफिसात लगेच 'खैरात' सुरू! २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आला, सरकारच्याच हिशेबाने १.४५ लाख कोटींवर पाणी सोडलं गेलं. तेव्हा हीच मंडळी शेअरचे भाव बघत होती.