हरताळ

हरताळ (१) : पिवळे, विषारी खनिज, त्यापासून केलेला चित्रकारांचा रंग. मूळ संस्कृत शब्द ‘हरिताल’. ‘हरि’, ‘हरित’ यांच्या अर्थछटा पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत जातात. एका हिरवट-पिवळ्या कबुतरालाही संस्कृतात हेच नाव आहे.

हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे संयुग (आर्सेनिक ट्रायसल्फाइड). तांबडी मनशीळ याच दोहोंची. खडा इतका मऊ, की नखाने ओरखडा उठतो. अभ्रकासारखे पदर सुटणारा, सोनेरी झाक असलेला तो पत्री हरताळ. नुसता गोळा असेल तर पिंड हरताळ. लघुचित्रकार तो निळीत मिसळून हिरवा रंग करीत. शिसे किंवा तांबे असलेल्या रंगांशी मात्र त्याचे जमत नाही, ते काळवंडतात. एकोणिसाव्या शतकात क्रोम आणि कॅडमियमचे पिवळे रंग आले आणि हरताळ मागे पडला.

‘एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे’ म्हणजे ती धाब्यावर बसवणे, निकामी करणे. हा वाक्प्रचार पोथ्या नकलून घेणाऱ्यांच्या बैठकीतला. अक्षर चुकले की लेखनिक हरताळाची पूड गोंदाच्या पाण्यात खलून त्यावर फासत असे. खालची शाई पुरती झाकली जाई, पिवळट कागदावर डाग फारसा दिसत नसे, आणि लेप वाळला की त्यावरच दुरुस्त अक्षर लिहिता येई. ‘फासणे’ म्हटले की आज काळेच डोळ्यांपुढे येते, पण हा रंग पिवळा. चिनी लेखनिकही हरताळानेच चुका झाकत. तोंडाला येईल ते बोलणाऱ्याच्या तोंडात हरताळ आहे, अशा अर्थाचा वाक्प्रचार त्या भाषेत आहे. आपल्याकडे दुरुस्तीचा भाग गळाला, पुसून टाकणे तेवढे उरले.

हरताळ (२) : निषेधार्थ दुकाने व व्यवहार बंद ठेवणे. शब्द वेगळा, उच्चार तोच. हट्ट (बाजार) आणि ताळे (कुलूप) यांतून तो आला असे मानतात. गुजराती ‘हडताळ’ व हिंदी ‘हडताल’ यांत ‘ड’ टिकून आहे. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी गांधीजींनी पुकारलेल्या देशव्यापी हरताळाने हा शब्द सर्वतोमुखी झाला. कामगारांच्या काम बंद ठेवण्याला मराठीत ‘संप’ म्हणतात. हा हरताळ पाळतात, फासत नाहीत. क्रियापद पाहिले की घोटाळा होत नाही.

भाद्रपदातल्या हरतालिकेचा या दोन्हींशी संबंध नाही. आलीने, म्हणजे सखीने, हरण करून नेलेली पार्वती, अशी त्या नावाची पारंपरिक फोड आहे.