कोष्टके आणि शब्द

दशमान पद्धतीचा आपल्याकडील इतिहास बहुधा कायद्यांच्या तारखांतून सांगितला जातो : 1956 चा वजनमापांचा कायदा, 1 एप्रिल 1957 चे नवे पैसे, ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने आलेली किलोची वजने. कोल्हापूर तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होते. या तारखांइतकेच महत्त्व आम्हांस रूपांतराच्या कोष्टकांचे वाटते. जुने माप आणि नवे माप यांच्यातील दुभाष्याचे काम त्यांनी केले.

हा दुभाषा सर्वत्र सारखा यशस्वी झाला नाही. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. कोष्टकात मात्र एक आणा म्हणजे 6, दोन आणे 12, तीन आणे 19 आणि चार आणे 25. बिनचूक उतरले ते चार, आठ आणि बारा आणे, आणि बोलण्यात टिकले तेही तेच. पायली, मापटे, चिपटे यांपुढे तर कोष्टक थबकले. ती आकारमानाची मापे. पायलीभर ज्वारीचे आणि पायलीभर भाताचे वजन एकच कसे असेल?

जेथे आकडा अवघड होता, तेथे लोकांनी शब्द ठेवला आणि त्याचा अर्थ बदलला. पावशेर सुमारे 233 ग्रॅमचा; त्याच्या जागी 250 ग्रॅमचा ‘पाव किलो’ आला. 11.66 ग्रॅमचा तोळा कोल्हापूरच्या गुजरीत आज 10 ग्रॅमचा आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी बोलण्यात गुंठाच राहिला. कारण गुंठा सुमारे 101 चौरस मीटरचा आणि आर 100 चा. एवढ्या फरकासाठी कोण कोष्टक उघडणार?

साहित्याच्या अभ्यासकाने येथे सावध राहावयास हवे. जुन्या कथेतील वा दागिन्यांच्या यादीतील पन्नास तोळे म्हणजे सुमारे 583 ग्रॅम. आजचा विद्यार्थी ते 500 च समजतो. शब्द ओळखीचा असल्याने शंकाही येत नाही. अपरिचित शब्दासाठी आपण कोश उघडतो, परिचित शब्द मात्र नकळत चकवतो. म्हणून जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांत शब्दार्थांच्या जोडीला मापांचे कोष्टकही द्यावे, असे आम्हांस वाटते. व्यापाऱ्याचे त्यावाचून आता अडत नाही; वाचकाचे अडते.